घरात दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर: नाशिककर कुटुंबासाठी सविस्तर मार्गदर्शक

दम्याच्या माणसाची काळजी म्हणजे अटॅक आला की करायची धावपळ, असं आपल्याकडे धरूनच चाललेलं असतं. रात्री दोनला रिक्षा शोधायची, दवाखान्यात मशीनची वाफ द्यायची, सकाळी घरी आणायचं आणि पुढच्या खेपेपर्यंत विसरून जायचं. पण अटॅक सहसा असा एकाएकी येत नाही. आधीचे काही दिवस रात्रीचा खोकला वाढलेला असतो, झटपट आराम देणारा पंप (इनहेलर) जास्त वेळा हातात जाऊ लागलेला असतो आणि बऱ्याचदा त्याच्याही आधी कुणीतरी 'आता बरं वाटतंय' म्हणून रोजचा पंप बंद केलेला असतो. खरं काम आहे ते बऱ्या दिवसांतलं. म्हणून या लेखात अटॅकच्या रात्रीपेक्षा जास्त जागा बऱ्या दिवसांना दिली आहे.

आमच्या घरात दोन्ही प्रकार आहेत. सासूबाईंना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आणि फुफ्फुस कायमचं खराब करणारा जुना आजार. विडी-सिगारेटला त्यांनी कधी हात लावला नाही, पण निफाडकडच्या गावात निम्मं आयुष्य चुलीपुढे गेलं. आणि दिरांच्या मुलाला दमा. दोघांचे पंप दिसायला सारखेच, पण सांभाळण्याची रीत वेगळी. औषध कोणतं आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. घरच्यांनी काय करायचं, ते इथे आहे.

आधी आजाराचं नाव पक्कं करा

'छातीत कफ आहे', 'ॲलर्जी आहे', 'जुनाट खोकला आहे' ही आजारांची नावं नव्हेत. तरीही कित्येक घरांत वर्षानुवर्षं एवढ्यावरच औषधं चालू असतात.

दम्यात श्वासनलिका आतून सुजलेल्या आणि चिडचिड्या असतात. धूळ, थंड हवा, धूर, सर्दी असं काही निमित्त झालं की त्या आवळतात, आत चिकट कफ साठतो आणि श्वास सोडताना सूं-सूं आवाज येतो. त्रास येतो-जातो, रात्री आणि पहाटे जास्त असतो आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत दिसतो. याच कारणाने घरच्यांची फसगत होते. सीओपीडी सहसा चाळिशीनंतर डोकं वर काढतो. वर्षानुवर्षांच्या धुराने नलिका आणि फुफ्फुसातले हवेचे फुगे कायमचे खराब होतात, धाप हळूहळू वाढत जाते आणि पूर्ण उतरत नाही. पूर्वी दूध आणायला कोपऱ्यापर्यंत सहज जाणारा माणूस मध्ये दोनदा थांबायला लागतो आणि घरचे म्हणतात, 'वय झालं आता'. धाप वयामुळे लागते असं गृहीत धरू नका.

फरक कळतो तो स्पायरोमेट्रीने. नळीत जोरात फुंकायचं, मग आराम देणारं औषध घ्यायचं आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. औषधानंतर आकडे चांगले सुधारले तर कल दम्याकडे. नळ्यांतला अडथळा तसाच राहिला तर सीओपीडीचा विचार होतो. दम्यात छातीचा एक्स-रे बहुतेकदा साफ येतो, म्हणून 'एक्स-रे चांगला आहे, काही नाही' एवढ्यावर समाधान मानू नये. पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना नीट फुंकता येत नाही, तिथे डॉक्टर लक्षणांवरून आणि औषधाच्या परिणामावरून ठरवतात.

आणि टीबी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं, बेडक्यात रक्त यांपैकी काही असेल तर आधी बेडका तपासून घ्या. सरकारी यंत्रणेत ही तपासणी आणि टीबीचे उपचार मोफत आहेत. त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, महापालिकेची झाकीर हुसेन आणि नाशिकरोडचं बिटको ही नावं शहरात सगळ्यांना ठाऊक आहेत. गावाकडे प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. निक्षय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-११-६६६६. टीबी बरा झाल्यावरही फुफ्फुसावर वण राहून पुढे धाप लागू शकते, तेव्हा जुना टीबी असेल तर तो डॉक्टरांना आवर्जून सांगा.

कामाची माहितीही सांगायची असते, आणि ती बहुतेक जण सांगत नाहीत. सातपूर-अंबडमध्ये वेल्डिंग, स्प्रे पेंटिंग, पावडर कोटिंग करणाऱ्याला सुट्टीच्या दिवशी बरं वाटत असेल आणि कामावर गेलं की पुन्हा छाती भरत असेल, तर निदानाचा अर्धा रस्ता तिथेच कापला जातो. दगडखाणीत, खडी क्रशरवर काम केलेल्यांना सिलिकोसिसचा, म्हणजे दगडाच्या बारीक धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा, धोका असतो. गॅलरीत कबुतरांचा मुक्काम असलेल्या घरात, विष्ठा आणि पिसांच्या धुळीमुळे फुफ्फुसांना एक वेगळ्याच प्रकारची सूज येऊ शकते. ती दम्यासारखी भासते, पण दमा नसते, आणि वेळीच ओळखली नाही तर फुफ्फुस कडक होत जातं. कबुतरांना दाणे टाकणाऱ्या शेजाऱ्यांशी यावरून वाद घालावा लागला तरी घाला.

पंपाची भीती आणि पंपाची रीत

'पंपाची सवय लागते.' 'पंप म्हणजे शेवटचा उपाय.' 'त्यात स्टेरॉइड असतं.' या तीन वाक्यांनी जेवढं नुकसान केलंय, तेवढं धुळीनेही केलं नसेल.

सवय लागत नाही. आजार चिवट आहे म्हणून औषध रोज लागतं, बीपीच्या गोळीसारखंच. स्टेरॉइड असतं हे खरं. पण एका फवाऱ्यात ते सहसा १०० ते २०० मायक्रोग्रॅम, आणि तेही थेट नलिकेत. अटॅक आल्यावर प्रेडनिसोलोनची ४० मिलिग्रॅम मात्रा पोटात जाते, तेव्हा ते ४०,००० मायक्रोग्रॅम होतात आणि सगळ्या अंगात फिरतात. औषधं वेगळी असल्याने आकड्याला आकडा लावून हिशेब होत नाही, तरी पंप टाळून शेवटी जास्त स्टेरॉइड कुणाच्या वाट्याला येतं ते यावरून लक्षात येईल.

घरात दोन प्रकारची औषधं असतात. एक आराम देणारं, म्हणजे बहुधा साल्ब्युटामॉल; नलिका काही मिनिटांत मोकळ्या करतं, सुजेला मात्र हात लावत नाही. दुसरं सूज उतरवणारं, म्हणजे ब्युडेसोनाइड किंवा फ्ल्युटिकासोन, अनेकदा फॉर्मोटेरॉल किंवा साल्मेटेरॉलच्या जोडीने. त्याचा परिणाम लगेच जाणवत नाही, आणि म्हणूनच लोक ते सोडतात. दम्याबाबतचे जागतिक मार्गदर्शक ठरवणाऱ्या 'जीना'ने २०१९ पासून स्पष्ट म्हटलंय की मोठी माणसं आणि किशोरवयीन मुलं यांचा दमा नुसत्या साल्ब्युटामॉलवर सांभाळू नये. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा एकच पंप रोजच्यासाठी आणि त्रासाच्या वेळीही वापरायची पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांनी ती दिली असेल तर कमाल किती फवारे, हे लिहून घ्या. सीओपीडीत औषधांचा क्रम वेगळा असतो, तिथे नलिका मोकळ्या ठेवणाऱ्या औषधांवर जास्त भर असतो. म्हणून आजीचा पंप नातवाला, नातवाचा आजीला, असा उसनवारीचा व्यवहार नको. कोणता पंप कशाचा हे रंगावरून ठरवू नका, कंपनीगणिक रंग बदलतात. पट्टी चिकटवून जाड अक्षरात 'रोज सकाळ-रात्र' आणि 'त्रास झाला तर' असं लिहून टाका.

आता घेण्याची रीत. फवाऱ्याचा पंप असेल तर शक्यतो स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, लावूनच घ्या, लहान-मोठे सगळ्यांनी. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

१. टोपण काढून तोंडाशी काही अडकलेलं नाही ना, ते बघा. पंप चांगला हलवा. नवीन असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर आधी हवेत दोन-तीन फवारे सोडा.
२. पंप स्पेसरला बसवा. ताठ बसा किंवा उभे राहा. श्वास पूर्ण सोडा.
३. स्पेसरचं तोंड दातांच्या मध्ये धरून ओठ घट्ट मिटा. लहान मुलाला मास्क नाका-तोंडावर नीट टेकवा.
४. एक फवारा दाबा. हळू, खोल श्वास आत घ्या आणि दहापर्यंत आकडे मोजेस्तोवर रोखा. रोखणं जमत नसेल तर स्पेसरमधूनच चार-सहा साधे श्वास घ्या.
५. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडू नका.
६. स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर खळखळून चूळ भरा आणि पाणी थुंकून टाका. नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, आवाज बसतो.

सासूबाईंना हे शिकवायला आरसा कामाला आला. स्पेसर नसलेल्या दिवसांत फवारा दाबला की त्यांच्या ओठांच्या कडेने पांढरी वाफ बाहेर यायची, म्हणजे औषध तोंडातूनच परत जात होतं. त्यांना वाटायचं, घेतलं की झालं. आरशासमोर बसवलं तेव्हा त्यांनी स्वतःच बघितलं आणि म्हणाल्या, "अगो बाई, हे तर सगळं वाऱ्यावर चाललंय!" डॉक्टरांकडे गेलं की दर वेळी पंप घेऊन दाखवायचा. चूक होत नाही असं वाटतं, तेव्हाच ती होत असते.

रोटाकॅप म्हणजे पावडरची कॅप्सूल असेल तर नियम उलटा: श्वास जोरात आणि खोल ओढायचा, हळू नाही. यंत्रात फुंकायचं नाही, दमट श्वासाने पावडर चिकटते. ओढून झाल्यावर कॅप्सूलमध्ये पावडर उरली का ते बघा. उरली असेल तर पुन्हा ओढा. ही कॅप्सूल गिळायची नसते. हसू नका, गिळणारे भेटतात. पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरी-त्र्यंबककडच्या ओल्या हवेत, बाटलीचं झाकण उघडं राहिलं तर पावडरचे गोळे होतात.

स्पेसर महिन्यातून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवून तसाच निथळत ठेवा. कापडाने पुसला की आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. फवाऱ्याचा पंप मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत ठेवू नका. पंप पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. मोजणारा आकडा असेल तर तो बघा, नसेल तर पंप सुरू केल्याची तारीख वर लिहा.

वाफेच्या मशीनबद्दल एवढंच, की साध्या आणि मध्यम त्रासात स्पेसरमधून नीट घेतलेला पंप मशीनइतकंच काम करतो. मशीन घरात असेल तर त्याचा कप आणि मास्क रोज धुऊन वाळवा, आणि औषधात नळाचं पाणी मिसळू नका.

घर आणि नाशिकचं वर्ष

घरापासून सुरू करू. धूर हा पहिला शत्रू. न्हाणीघराचा बंब, मागच्या दारची चूल, गोवऱ्या, मच्छरची कॉइल, धूप, अगरबत्ती. देवघर बंद करा असं कोण म्हणेल? समई-निरांजन लावा, धूप अंगणात फिरवा, आणि रुग्ण त्या वेळी दुसऱ्या खोलीत असू द्या. फोडणी देताना, विशेषतः मिरचीचा ठेचा परतताना, खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट चालू. घरात सिगारेट ओढणाऱ्याला गॅलरीतही मुभा नको. धूर कपड्यांतूनही आत येतो. सोडायची इच्छा असेल तर तंबाखूमुक्तीसाठी राष्ट्रीय मोफत क्रमांक १८००-११-२३५६ आहे. निकोटीनच्या गोळ्या किंवा च्युइंगगम डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतले तर तलफ सांभाळणं सोपं जातं. सीओपीडीच्या माणसाने विडी सोडली की फुफ्फुसाची घसरण मंदावते, आणि ते कोणत्याही वयात खरं आहे.

धुळीतले सूक्ष्म किडे गादी-उशीत राहतात. अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात, गादी अधूनमधून कडक उन्हात. झाडू मारण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसणं बरं. दिवाळीची साफसफाई चालू असताना दम्याच्या माणसाला माळ्यावर चढवू नका, त्याला त्या दिवशी बहिणीकडे फराळाला धाडा.

पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटामागे काळी बुरशी धरते. ती खरवडायचं काम रुग्णाला देऊ नये, आणि गळती थांबल्याशिवाय नुसता रंग मारून उपयोग नाही. पावसाच्या अखेरीस रिकाम्या प्लॉटांवर गाजरगवत फुलतं. उपटणाऱ्याने मास्क आणि हातमोजे घालावेत.

ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची गोडी छाटणी होते आणि तिथून पुढे फवारण्या. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे घर बागेला लागून असेल तर शेजाऱ्याला आधी सांगायला सांगा, खिडक्या मिटा, वाळत घातलेले कपडे आत घ्या. भुरीसाठी (द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगासाठी) धुरळलं जाणारं गंधक चिडलेल्या नलिकांना झोंबतं. स्वतः फवारणाऱ्याने रुमाल बांधून भागत नाही. त्या औषधाला लागणारा योग्य मास्क हवा, आणि फवारणीचे कपडे मुलाला कडेवर घेण्याआधी उतरवायचे. दम्याचा त्रास असलेला माणूस ट्रॅक्टरवर ब्लोअर चालवत असेल तर ते काम दुसऱ्याकडे गेलेलं बरं. गंधकाची आणखी एक पोहोच आहे: पिवळाधमक बेदाणा बहुधा गंधकाची धुरी दिलेला असतो, आणि त्यातून येणाऱ्या सल्फाइटने काही दमेकऱ्यांची छाती आवळते. वाइनचंही तसंच. सगळ्यांना होत नाही, पण बेदाणे खाल्ल्यावर खोकला सुटतो असं दिसलं तर डॉक्टरांना सांगा.

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाला की बातमी होते, आणि श्वासाच्या आजारांचा जोरही तेव्हाच असतो. पहाटेचं फिरणं ऊन आल्यावर करा. नाका-तोंडावर मफलर घ्या, म्हणजे आत जाणारी हवा जरा कोमट होते. शेकोटीपाशी बसवू नका. ऊब मिळते आणि धूरही मिळतो. मग रंगपंचमी. जुन्या नाशकातल्या रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या हौदात) उडी मारायची हौस असणाऱ्यांनी त्याआधीच्या महिन्यात आजार नीट आटोक्यात होता का ते बघावं, आणि कोरड्या रंगाच्या उधळणीपासून लांब राहावं. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते उकरले जातायत, तिथून दुचाकीवर जाताना एन-९५ मास्क घाला. कापडी मास्क बारीक धूळ अडवत नाही.

वही, नळी आणि बोटाचं यंत्र

एक साधी वही ठेवा. रात्री खोकल्याने जाग आली का, आराम देणारा पंप किती वेळा लागला, कशामुळे त्रास झाला. आठवड्यात दोनदाहून जास्त वेळा तो पंप लागला, किंवा रात्रीची झोप मोडली, तर दमा आटोक्यात नाही. अटॅक आला नसला तरी नाही.

दमा असलेल्यांसाठी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकीचा जोर मोजणारी नळी, उपयोगी पडते. उभं राहून पूर्ण श्वास भरायचा, ओठ मिटून एका दमात जोरात फुंकायचं, तीनदा, आणि सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. बऱ्या असलेल्या दोन-तीन आठवड्यांतला सर्वोत्तम आकडा हा त्या माणसाचा स्वतःचा मापदंड. त्याच्या ८० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक. ८० ते ५० मध्ये आला तर डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे औषध वाढवायचं आणि फोन करायचा. ५० च्या खाली म्हणजे तातडी. शेजारच्या काकांचा ४५० आणि आपला ३२० म्हणून घाबरू नका. उंची, वय, बाई-पुरुष यानुसार आकडे वेगळे असतात.

कोविडनंतर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आला. गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर तो चुकतो, हात चोळून गरम करा. निरोगी माणसाचा आकडा ९५ च्या वर असतो, पण सीओपीडीच्या कित्येक रुग्णांसाठी ८८ ते ९२ हीच पातळी डॉक्टर सांगतात. तुमच्या माणसाचा नेहमीचा आकडा विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दम्याच्या अटॅकमध्ये मात्र आकडा चांगला दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये, तो उशिरा घसरतो. माणसाकडे बघा.

अटॅकची रात्र

१. उठवून बसवा. पुढे झुकून, कोपरं टेबलावर किंवा मांडीवरच्या उशीवर. आडवं झोपवू नका. खोलीतली गर्दी बाहेर काढा, घट्ट कपडे सैल करा.
२. आराम देणारा साल्ब्युटामॉलचा पंप स्पेसरमधून: एक फवारा, चार-सहा श्वास, असे चार फवारे, एकेक करून. डॉक्टरांनी वेगळं लिहून दिलं असेल तर तेच करा.
३. चार मिनिटं थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार.
४. तरी उतरत नसेल तर १०८ ला फोन. रुग्णवाहिका येईपर्यंत दर चार मिनिटांनी चार फवारे चालूच ठेवा. पंप जास्त झाल्याने हात थरथरतात, छाती धडधडते, ते सोसवतं. श्वास कोंडलेला सोसवत नाही.

काही खुणा दिसल्या तर फवारे देता देता लगेच निघायचं: वाक्य पुरं न करता येणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, गळ्याचे आणि बरगड्यांमधले स्नायू ओढले जाणं, गुंगी किंवा गोंधळ, आणि सूं-सूं आवाज थांबूनही माणूस तसाच झुंजत असणं. शेवटची खूण सगळ्यांत फसवी आहे. आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं असं घरचे समजतात, पण हवा आत-बाहेर जाणंच कमी झालेलं असतं.

या वेळी वाफारा, बाम, कोमट दूध, मध-आलं काही नको. धाप लागलेल्या माणसाला पाणी पाजलं तर ठसका लागून श्वासात जाऊ शकतं. सिडकोच्या गल्ल्यांत रात्री घर शोधताना रुग्णवाहिकेचा वेळ जातो. एक जण मोबाइलचा टॉर्च घेऊन मोठ्या रस्त्यावर उभा राहू दे. आणि रात्री उतरलं तरी सकाळी दाखवायला जायचंच. कित्येकदा सूज आत तशीच असते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उचल खाते.

सीओपीडीच्या आजी-आजोबांचं वेगळं

इथे धाप पूर्ण जाईल अशी आशा दाखवू नये. धाप लागूनही रोजची कामं होतील, हे ध्येय. नाकाने श्वास घ्यायचा आणि चहा फुंकून गार करताना करतो तसा ओठांचा चंबू करून दुप्पट वेळ लावत सोडायचा. जिने चढताना, वाकून उठताना, श्वास सोडत जोर लावायचा. अंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, पाणी कोमट, दार आतून कडी न लावता. रोज वापरायच्या वस्तू कमरेच्या उंचीवर.

धाप लागते म्हणून हालचाल बंद केली की पायांचे स्नायू झिजतात आणि मग कमी कामालाही जास्त धाप लागते. रोज थोडं चालायचं, थांबत थांबत. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर बसायला जागा मिळते, सुरुवातीला एका बाकापासून दुसऱ्यापर्यंत पुरे. घरात खुर्चीतून हात न टेकता उठ-बस. वणीच्या देवीला जायचं असेल तर पायऱ्यांचा हट्ट सोडून ट्रॉलीने जा.

जेवण थोडं थोडं, चार-पाच वेळा. पोट गच्च भरलं की छातीला जागा राहत नाही. वजन घटत असेल तर वरण, अंडी, दूध, शेंगदाणे, मटकी वाढवा. 'दमा आहे, केळं नको, दही नको' ही सरसकट बंदी अकारण आहे. एखाद्या पदार्थाने खरंच त्रास होत असेल तर तेवढाच टाळा. रात्री उशिरा तिखट मिसळ हाणून लगेच आडवं होण्याने मात्र आंबट वर येतं आणि खोकला सुटतो.

बेडका वाढला, पिवळा-हिरवा झाला, धाप नेहमीपेक्षा जास्त आहे किंवा पायांना सूज आली, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे. घरी ऑक्सिजन सांगितला असेल तर तो बहुधा दिवसातून किमान १५ तास लावायचा असतो, धाप लागली तर पाच मिनिटं असं नाही. प्रवाह किती ते डॉक्टर ठरवतात. आकडा वाढावा म्हणून स्वतः नॉब फिरवला तर काही रुग्णांत कार्बन डायऑक्साइड साठतो. सकाळची डोकेदुखी, पेंगणं, बरळणं ही त्याची लक्षणं. ऑक्सिजनच्या खोलीत निरांजन, गॅस, विडी, काडेपेटी काही नको. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलिन लावू नका, पाण्यात विरघळणारं मलम विचारा. लाइट जाते तेव्हासाठी भरलेला छोटा सिलिंडर हवा, आणि तो उघडायचा कसा हे घरातल्या दोघांना तरी यायला हवं.

इतर औषधांवर नजर

डोळ्यांत टाकायचे काचबिंदूचे काही थेंब, उदाहरणार्थ टिमोलॉल, नलिका आवळू शकतात. अर्धशिशी किंवा हात थरथरण्यासाठी दिलं जाणारं प्रोप्रानोलॉलही. काही दमेकऱ्यांना ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने जोरदार अटॅक येतो. म्हणून डोळ्यांचा, दातांचा, हाडांचा कोणताही डॉक्टर असो, पहिलं वाक्य 'दमा आहे' हेच हवं.

कुणाच्या हातची पुडी लगेच गुण देत असेल आणि तिच्यावर औषधाचं नाव नसेल, तर तिच्यात स्टेरॉइड असल्याची शंका घ्या. महिनोन् महिने घेतल्याने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केली तर जिवावर बेततं. त्यामुळे पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, परस्पर सोडू नका. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घेण्याची श्रद्धा आपल्याकडे जुनी आहे. खीर खा, जागरण करा. पंप त्या रात्रीही चुकवू नका, आणि खिरीत काय मिसळलंय हे सांगत नसतील तर नुसतं दूध प्या.

फ्लूची लस दर वर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टर सांगतील तशी, दोन्ही घ्याव्यात.

मुलाच्या वर्गशिक्षकांना पंप दाखवून ठेवा, एक पंप आणि स्पेसर दप्तरात राहू दे. दमा आटोक्यात असेल तर खो-खो, पोहणं, धावणं सगळं चालतं; खेळताना छाती भरत असेल तर खेळ बंद न करता औषध तपासायचं.

दवाखान्यात जाताना वही, सगळे पंप, स्पेसर, घरातल्या झाडून साऱ्या गोळ्या आणि डोळ्यांचे थेंबही एका पिशवीत घेऊन जा. निघण्याआधी तीन गोष्टी लिहून मागा: रोजचं औषध किती, त्रास वाढला तर काय वाढवायचं, आणि कोणत्या खुणेला थेट रुग्णालयात यायचं. डॉक्टर घाईत असतात; कागद पुढे करा, पेन द्या आणि लिहून होईपर्यंत खुर्चीतून उठू नका.